कांडीवालीची भिंत

तिच्यासमोरून जाताना आमच्या कामतघर वस्तीतली माणसं तोंडावर हात धरायची. वासाचा काही संबंध नव्हता. म्हातारी रस्त्यावर राहायची खरी, पण सार्वजनिक नळावर सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकून, केस चापूनचोपून बांधून बसलेली असायची. आमच्या चाळीतल्या निम्म्या माणसांपेक्षा ती स्वच्छ होती. लोक तोंड झाकायचे, कारण तिला ओठ वाचता यायचे. रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर दोघं काय बोलतायत ते ही अलीकडच्या ओट्यावर बसून सांगायची. नुसतं सांगून थांबली असती तरी लोकांनी सोसलं असतं. पण ती मध्ये बोलायची. एकदा एक रिक्षावाला मित्राला बहिणीच्या स्थळाबद्दल हळू आवाजात सांगत होता, तर ही इकडून ओरडली, "त्या घरात नको देऊस पोरीला. सासू लय कजाग हाय." अख्ख्या नाक्यानं ऐकलं. ते लग्न झालं की मोडलं मला माहीत नाही, पण तो रिक्षावाला त्या दिवसापासून तोंडाला गमछा बांधून रिक्षा चालवायला लागला.

बहिरी ती जन्मापासून नव्हती. लूमनं केली. आमच्या भिवंडीत कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात शिरलं की पहिल्या मिनिटाला कान बंद होतात, आणि ही तिथं पोरगी होती तेव्हापासून केस पिकेपर्यंत कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची लहान नळी. लूमवर धोटा इकडून तिकडे पळतो आणि कांडी संपत जाते, की लगेच दुसरी भरलेली हजर पाहिजे. कारखान्यात कुणी कुणाशी आवाजानं बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचे. ती विद्या घेऊन ती बाहेर आली आणि सगळ्या कामतघरावर वापरली.

नाव विचारलं की म्हणायची, "कांडीवाली." आजी म्हटलेलं खपायचं नाही. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आजी कुनाची? तुझ्या बापाला मी जल्म न्हाय दिला. बाय म्हन." म्हणून आम्ही तिला बाय म्हणायचो. मला ती 'नापास' म्हणायची, कारण त्या वर्षी बारावीला माझा इंग्रजीचा विषय राहिला होता आणि हे तिला माझ्याच ओठांवरून कळलं होतं. पुढच्या वर्षी मी पास झाले, पेढे घेऊन गेले, तिनं दोन खाल्ले आणि म्हणाली, "बरं झालं, नापास." पुढंही तेच नाव राहिलं.

तिच्या आवाजाला मधली पायरी नव्हती. एक तर ओठ हलवून मुकं बोलायची, नाहीतर शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असं. भर रस्त्यात, रिक्षा स्टँडसमोर, "नापास, पोटात दुखतंय का? पाळी आली का?" मी अठरा वर्षांची. धरणी पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. तिला खुणेनं हळू म्हटलं, तर तेवढ्याच आवाजात विचारायची, "का? त्यात लाजायचं काय? त्या रिक्षावाल्यांच्या आया काय बिनपाळीच्या होत्या?"

आणि सारखं एक वाक्य: "तोंड दाखव." बोलताना जरा मान वळवली, खाली बघितलं, की हनुवटीला धरून तोंड तिच्याकडं फिरवायची. तिच्याशी बोलताना खोटं बोलणं फार अवघड जायचं, मी पुष्कळ वेळा करून बघितलंय.

तिची माझी गाठ पडली ती बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी. आमच्या मंडळानं त्या वर्षी ठरवलं होतं की मिरवणुकीत एक बँड कमी करायचा आणि रस्त्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जेवण द्यायचं. मी, माझी मैत्रीण प्रज्ञा आणि आमच्या चाळीतला सुनील, अशा तिघांकडं कामतघरचा भाग आला. सुनील पोस्टात तात्पुरता लागला होता, म्हणून स्वतःला साहेब समजायचा. आम्हाला लवकर वाटून मिरवणुकीत परत जायचं होतं. मी म्हातारीच्या ओट्यावर पुरीभाजीचा पुडा ठेवला आणि पुढं निघाले.

"ए पोरी. कुत्रं हाय का मी?"

मी वळले.

"असं टाकून पळत्यात कुत्र्याला. बस हितं. तोंड दाखव. तू जेवलीस?"

"मी नंतर जेवणार आहे."

"मंग मी बी नंतर."

मला नवी साडी नेसवली होती आईनं. ती सावरत मी त्या ओट्यावर बसले आणि अर्धा पुडा खाल्ला, अर्धा तिनं. मिरवणूक आमच्यासमोरून गेली. मैत्रिणी हसत होत्या. जेवून झाल्यावर ती म्हणाली, "भाजीत मीठ न्हाय." दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. त्यात दया, माया, समाजसेवा असं काही नव्हतं, सांगून ठेवते. मला राग आला होता. आमच्या मंडळाच्या भाजीला नाव ठेवणारी ही कोण, आता आमच्या घरचं खाऊन बघ म्हणावं.

आईची डाळ खाऊन ती म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मीठ आमच्याकडं दुकानात मिळतं."

मी मूर्ख, घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. आई भडकली. "आयतं खाते आणि वर नावं ठेवते. उद्यापासून डबा बंद." दुसऱ्या दिवशी डबा तयार होता, डाळीत मीठ बरोबर होतं, आणि आई म्हणाली, "आता काय म्हणते ते येऊन सांग." ती म्हणाली, "डाळ बरी. चपाती जाड." असं ते वर्षभर चाललं. दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. आई बाजाराला जाताना तिच्या समोरूनच जायची, पण पदर तोंडावर धरून. आईला स्वतःच्याही चार गोष्टी लपवायच्या होत्या बहुतेक.

हळूहळू प्रज्ञा आणि सुनीलही यायला लागले. सुनील पोस्टातून येताना बिस्किटं आणायचा, प्रज्ञा खोबरेल तेल. काळजी घेणं वगैरे मोठे शब्द आम्हाला माहीत नव्हते. संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसायला मजा यायची, एवढंच. ती आम्हाला मुक्यानं बोलायला शिकवायची. महिन्याभरात प्रज्ञा आणि मी विहारातल्या अभ्यासिकेत दोन टोकांना बसून एक आवाज न करता तासतासभर बोलायला लागलो. सुनीलला ते कधी जमलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलायची सोय झाली.

मला तिची एक गोष्ट आवडायची नाही. ती दिवसभर झोपायची. सकाळची आंघोळ झाली, चहा झाला, की ओट्यावर कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि तशीच बसल्या बसल्या झोपायची, ते ऊन उतरेपर्यंत. शेजारून ट्रक गेला तरी हलायची नाही. मी एकदा म्हटलं, "बाय, धडधाकट माणसानं दिवसा एवढं झोपू नये."

"रातचं कोन झोपलं?"

"का नाही झोपत?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच ओरडली नाही. ओठांनीच बोलली. "बाईमानूस उघड्यावर रातचं झोपत न्हाय, नापास. दिसाचं झोपायचं, समद्यांच्या डोळ्यांदेखत. रातचं जागं ऱ्हायचं."

रात्रपाळीच्या कामगारांसाठी नाक्यावर एक चहावाला उघडा असायचा. त्याच्या बाकड्यावर ती उजाडेपर्यंत बसायची. म्हातारी झाली तरी. मला माझ्या त्या प्रश्नाची अजून लाज वाटते.

शुक्रवारी मात्र ती दिवसाही झोपायची नाही. आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. सगळी भिवंडी एकदम गप्प होते, आणि आम्हा पोरांना तो दिवस म्हणजे चैन. हळू बोललेलं ऐकू यायचं, दुपारी झोप लागायची. कांडीवाली मात्र शुक्रवारी चिडलेली असायची. डोळे तांबडे, डोकं बांधलेलं. एका जागी बसवायचंच नाही तिला. मग हातात फणी, ब्लेडचं पान आणि तेलाची बाटली घेऊन ती बाहेर पडायची, आणि शहरातल्या रस्त्यांवर जेवढी म्हातारी माणसं होती त्यांच्याकडं जायची. कुणाची नखं काप, कुणाच्या उवा काढ, कुणाच्या पायाला कुरूप असेल तर ते बघ. नंतर आम्हीही तिच्याबरोबर जायला लागलो. एसटी स्टँडच्या मागं एक तेलुगू म्हातारा असायचा. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि हिला तेलुगू. पण दोघं अर्धा अर्धा तास भांडायचे. "नखं वाढवून ठेवलीत, वाघ हायस का?" असं ती म्हणायची, तो काहीतरी रागानं बोलायचा, आणि हात मात्र पुढं केलेला असायचा. नखं कापून झाली की तो तिला विडी द्यायचा. ती ओढायची नाही, पण घ्यायची, आणि पुढच्या म्हाताऱ्याला द्यायची.

मी तिला विचारलं होतं, "शुक्रवारी का नाही झोपत?" तर म्हणाली, "झोप येत न्हाय." एवढंच. त्याच्यामागं काही कारण असेल असं आमच्या तिघांच्या डोक्यात आलं नाही. भिवंडीत वाढलो आम्ही. आम्हाला वाटायचं, आवाज नसला की कुणालाही झोप येते.

दुसऱ्या पावसाळ्यात तिला खोकला लागला. ओट्यावर वरून पत्र्याची पागोळी पडायची, पाय भिजायचे. सूत नाकातोंडात जाऊन जाऊन छाती आधीच बिघडलेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हिला कोरड्या जागी ठेवा, नाहीतर हा हिवाळा काही निघत नाही. ते ऐकून मी पक्कं ठरवलं. मी म्हणजे मीच. बाकी दोघांना उगाच दोष देणार नाही. सुनीलच्या मामाची भिवंडीबाहेर कोन गावात, अगदी टोकाला शेताच्या बाजूला एक रिकामी खोली होती. आम्ही तिघांनी दोन रविवार जाऊन ती साफ केली, चुना लावला, खाट आणली, माठ भरून ठेवला. खिडकीतून शेत दिसायचं. चिटपाखराचा आवाज नाही. मी त्या खोलीत उभी राहिले आणि मला वाटलं, आयुष्यात आपल्याला अशी एक खोली मिळाली तर आणखी काय पाहिजे.

ती यायला तयार नव्हती. "ओटा बरा हाय," म्हणायची. मी तीन दिवस तिच्यामागं लागले. शेवटी म्हटलं, "बाय, तू मेलीस तर मी काय करू?" हे मी तोंड तिच्याकडं करून म्हटलं होतं. तिनं माझ्या ओठांकडं बराच वेळ बघितलं आणि बोचकं उचललं.

कोनच्या खोलीत ती आत आली, खाटेवर बसली नाही. आधी भिंतीपाशी गेली आणि पंजा भिंतीला लावला. मग दुसऱ्या भिंतीला. मग म्हणाली, "ही भिंत मेलीय."

आम्ही हसलो. प्रज्ञा म्हणाली, "अगं बाय, भिंत कधी मरते का?"

"हाताला काय लागत न्हाय," ती म्हणाली, आणि खाटेच्या काठावर बसली.

चार दिवस सुनीलची मामी निरोप पाठवत होती की म्हातारी झोपत नाही. दिवसा नाही, रात्री नाही. नुसती भिंतीला पाठ लावते, उठते, दुसऱ्या भिंतीला लावते. मी म्हटलं, नवी जागा आहे, सवय होईल. मी असं म्हटलं. पाचव्या दिवशी दुपारी मामाच धावत पोस्टात आला, की म्हातारी बोचकं घेऊन निघून गेली.

आम्ही रिक्षानं कल्याण रोडला लागलो. ती लांबूनच दिसली. रस्त्याच्या कडेनं नाही, बरोबर मधून चालत होती. झोपेत चालावं तशी. तिच्यामागं ट्रकांची रांग लागलेली, सगळे हॉर्न दाबून बसलेले, आणि तिला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. एक सरदारजी ड्रायव्हर अर्धा खिडकीबाहेर येऊन ओरडत होता, "अरे माई, मरेगी क्या." मागून हाक मारून उपयोग नव्हता. आम्ही रिक्षातून उतरून धावलो, तिच्या पुढं गेलो आणि समोर उभे राहिलो, तेव्हा ती थांबली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पाच दिवसांत ती अर्धी झाली होती.

मी रडायला लागले आणि तोंड फिरवलं. तिनं तिथंच, त्या हॉर्नच्या गोंधळात, माझी हनुवटी धरली.

"तोंड दाखव."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. चल. मना झोप आलीय."

रिक्षात ती म्हणाली ते मी कधी विसरणार नाही. मुक्यानंच म्हणाली. "लूम चालू असली की भिंत पाठीला लागती. आतमंदी चाळीस वर्सं ती लागत व्हती. कामावरनं काढल्यावर भाईर बसले, पन भिंत तीच हाय. ती पाठीला लागली की कळतं, समदी कामावर हायत. मंग झोपायला हरकत न्हाय." तेव्हा कुठं आम्हाला शुक्रवार कळला. दीड वर्ष रोज तिच्याशेजारी त्याच भिंतीला टेकून बसलो होतो आम्ही, पाठीला ती थरथर लागत होती, आणि आम्हाला तो नुसता त्रास वाटायचा.

कामतघरला पोचलो, तर ओटा नव्हता.

पाच दिवसांत फोडून टाकला होता. तिथं सुताचे अवजड बीम आत न्यायला नवं शटर बसवलं होतं, समोर सिमेंट अजून ओलं. मुकादम म्हणाला, "हमको लगा बुढ़िया को उसके घरवाले ले गए. शेठ कब से बोल रहे थे, उसके लिए रुके थे." त्याच्यावर तरी काय रागावायचं. ती ओट्यावर होती तोपर्यंत त्यांनी हात लावला नव्हता. तिला तिथून उठवलं ते आम्ही.

तिनं शटरकडं बघितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. शटरच्या बाजूला हातभर भिंत उरली होती, तिथं गेली, उभ्याउभ्याच पाठ लावली, बोचकं पोटाशी धरलं आणि डोळे मिटले. भर दुपारी, उन्हात, वाहत्या रस्त्याला तोंड करून ती उभ्यानं झोपली. गुडघे वाकायचे, खाली यायला लागायची, दचकून परत सरळ व्हायची. सुनील, जो स्वतःला साहेब समजायचा, तो तिच्या खांद्याला धरून उभा राहिला, ती पडू नये म्हणून.

मी त्या भिंतीकडं बघत राहिले. भिंत लांबच लांब होती. पुढून रस्ता, आणि मागच्या बाजूला, सबंध कारखाना संपल्यावर, आमची चाळ. आमच्या आतल्या खोलीची भिंत आणि कारखान्याची मागची भिंत एकच. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आम्ही त्या भिंतीला कधी लावला नाही, कारण खिळे आठवड्यात सुटायचे. मांडणीवरची ताटं दिवसरात्र वाजायची, म्हणून आईनं प्रत्येक ताटाखाली फडकं घातलं होतं. वीस वर्षं आई त्या भिंतीला शिव्या घालत होती. आणि मी कांडीवालीसाठी जागा शोधायला कोनला गेले होते.

सांगायला सोपं वाटतं. पण तेव्हा मी तिथंच घुटमळले. डबा देणं वेगळं आणि घरात आणणं वेगळं. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. बाबा नगरपालिकेत पाणी सोडायला होते, त्यांचा पगार काय आणि आईचा स्वभाव काय, मला माहीत होतं. तरी आम्ही तिघं तिला धरून, कारखान्याला वळसा घालून, घरी घेऊन आलो.

आई विळीवर भेंडी चिरत होती. आज पदर तोंडावर घ्यायला तिला वेळ मिळाला नाही.

"ही इथं कशाला?"

मी सांगायला लागले, पण कांडीवाली थांबलीच नाही. परवानगी नाही, नमस्कार नाही. आईच्या शेजारून सरळ आतल्या खोलीत गेली, पंजा भिंतीला लावला, आणि तिचा चेहरा असा सैल झाला की मी तसा कुणाचा बघितला नव्हता. पाठ लावून खाली सरकत सरकत बसली. डोळे मिटायच्या आधी आईकडं बघून म्हणाली, घर दणाणेल अशा आवाजात, "भेंडीत मीठ शेवटाला टाक, चिकट व्हनार न्हाय."

आणि झोपली. मांडणीवरची भांडी वाजत होती, आणि ती त्यांच्याखाली झोपली.

आई दारात उभी. मी म्हटलं, आता सगळं फुटणार. आईनं मांडणीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग मला म्हणाली, "या खोलीत झोपलेलं माणूस मी वीस वर्षांत बघितलं नाही." आणि खिडकीतून तिच्या तोंडावर ऊन येत होतं तिथं चादर बांधली. "ओटा नीट होईपर्यंतच," तिनं मला बजावलं. "नंतर एक दिवस नाही."

ओटा काही नीट झाला नाही. ती आमच्याकडं तीन वर्षं राहिली.

घरात आली तरी रात्री झोपली नाही, ते शेवटपर्यंत. दाराशी गोणपाटावर बसायची. आई म्हणायची, "अगं, आता चार भिंती आहेत, झोप की." ती म्हणायची, "तुम्ही झोपा. मी हाय." खरं सांगते, ती दाराशी असायची म्हणून आम्ही सगळे त्या तीन वर्षांत जास्त गाढ झोपलो. सकाळी आम्ही उठलो की ती आत भिंतीला जायची. आईनं ताटांखालची फडकी काढून टाकली. का काढली असं मी विचारलं, तर म्हणाली, "धुवायला." परत घातली नाहीत. आईही मुक्यानं बोलायला शिकली, आणि दोघी स्वयंपाकघरात एक आवाज न करता मिठावरून भांडायच्या. बाबा म्हणायचे, "दोन बायका, एक चूल, आणि घरात शांतता. आपल्या चाळीत हे पहिल्यांदाच."

शुक्रवारच्या फेऱ्या चालूच होत्या. खोकला वाढला तशा त्या लहान होत गेल्या, आणि मग ती दारात बसून आम्हाला धाडायची. "त्या तेलुग्याची नखं बघून ये." मी तेव्हा ठाण्याला नर्सिंगला लागले होते. नखं कापायला तिनंच शिकवलं, ट्रेनिंगमध्ये ते कुणी शिकवत नाही.

आणि असाच एक शुक्रवार. दुपारी मी सुट्टीवर घरी आले, तर आई बाहेर पायरीवर बसलेली. गल्लीतल्या पोरांना तिनं लांब हाकललं होतं. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. चेहरा असा फुललेला, जणू घरात पाहुणे आलेत.

"हळू ये," ती कुजबुजली. "झोपलीय."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी. पहिल्यांदाच. सकाळपासून झोपलीय. मी भांडंसुद्धा घासलं नाही, आवाज नको म्हणून."

मलाही इतका आनंद झाला. चप्पल हातात घेऊन मी आत गेले. बहिऱ्या बाईसाठी आम्ही दोघी चवड्यांवर चालत होतो, आणि आमच्या ते ध्यानातही आलं नाही. ती नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून, मान जराशी कलती. भिंत गप्प होती. भांडी गप्प होती. मी तिच्या शेजारी बसले, माझी पाठ भिंतीला लागली, आणि पाठीला काही लागलं नाही. मी तिचं मनगट हातात घेतलं.

मी आईकडं तोंड करून नुसते ओठ हलवले. आईनं वाचलं आणि मटकन खाली बसली.

संध्याकाळपर्यंत प्रज्ञा आली, सुनील आला, चाळीतली माणसं जमली. तिचं मागचं कुणी आम्हाला माहीत नव्हतं. वाड्याकडच्या कुठल्या तरी पाड्यावरची ती, एवढंच कधीतरी बोलली होती. कळवायचं कुणाला, थांबायचं कुणासाठी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. उजेड आहे तोवर नेऊ या. बाबाही तयार झाले.

"आज नाही," आई म्हणाली. "सकाळी लूम सुरू होऊ देत. मग न्या."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"तोंडावर हात धरून म्हणू देत."

आईनं तिला भिंतीपासून हलवू दिलं नाही. आम्ही सगळे त्या खोलीत बसून राहिलो, आणि त्या रात्री तिच्या जागी दाराशी आई बसली.

शनिवारी सकाळी सातला पाळी लागली. आधी एक लूम, लांब, दुसऱ्या टोकाला. मग दुसरा. मग एकेक करत सगळा कारखाना सुरू झाला. मांडणीवरची ताटं वाजायला लागली, पेले वाजायला लागले, जमीन पायाला लागायला लागली. भिंत सुरू झाली. तिची मान भिंतीबरोबर किंचित हलत होती.

सुनील आणि दोन माणसं पुढं झाली. बाबांनी आईला विचारलं, "उचलायचं?" त्या आवाजात आईनं काय उत्तर दिलं ते बाबांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं.

आईनं तोंड त्यांच्याकडं केलं, पण आवाज काढलाच नाही. बाबांना वाचता येत नव्हतं. मी वाचलं आणि त्यांना मोठ्यानं सांगितलं.

"अर्धा तास तरी झोपू दे म्हणते तिला."

बाबा मागं सरकले आणि तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसले. मग सुनील बसला. मग आम्ही सगळेच बसलो.